हँडल कुणी ठोकलं

खोटं बोललास तू, धाकट्या. काल भंगारवाल्यासमोर, माझ्या डोक्यावर चपलेचा पाय ठेवून, धडधडीत खोटं बोललास. तो बिचारा एवढंच विचारत होता की हे जड धूड आठ वर्षं कशाला सांभाळलंत. तर तू म्हणालास, "सांभाळतंय कोण. यानंच माझी वहिनी खाल्ली. राक्षस आहे हा. तोड, वितळव, तुला काय करायचं ते कर."

मी राक्षस. बरं.

मी इंजिन बोलतोय. गिरणीच्या मागच्या शेडमधलं, एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं काळं इंजिन. सगळे मला भडक्या म्हणायचे. आठ वर्षांत डिझेलचा थेंब पोटात गेला नाही, पण आवाज गेलाय म्हणून अक्कल गेलेली नाही. आणि तू पाठ फिरवून पुढं दुकानात जाऊन बसलास म्हणजे भांडण मिटलं असं समजू नकोस. तू इथं नाहीस तरी मी तुलाच बोलतोय.

तुझं खोटं मी गिळलं असतं. लोखंडाला शिव्या चिकटत नाहीत. पण दारात तुझा थोरला भाऊ उभा होता. तो दोन पावलं पुढं आला आणि म्हणाला, "त्याला कशाला नावं ठेवतोस. ग्रीस लावायचं मी विसरलो. मी मारलं तिला."

आणि तू काय केलंस? खिशातून फोन काढलास आणि अंगठ्यानं सरकवत बसलास.

त्याला वाटतं बायको त्याच्या हातून मेली. तसं नाही, हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला माहीत नाही. उद्या सकाळी मी जाणार, मग राहिलास तू एकटा, आणि तू तर बोलणारच नाहीस. म्हणून आज मी सगळं बोलून टाकतो. पार जन्मापासून सांगतो. माझ्या अंगावर कुठले गुन्हे खरे आहेत तेही सांगतो. मी काही गरीब गाय नव्हतो.

माझं पहिल्यापासून सगळं मारामारीचंच. लोखंड वितळवलं, वाळूच्या साच्यात ओतलं, आणि थंड झाल्यावर साचा फोडून मला बाहेर ओढलं. मग छिन्नीनं कडा उडवल्या. चार जण चारी बाजूंनी ठोकत होते आणि आपसात बायकांच्या तक्रारी सांगत होते. मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी असा उसळलो की खालचे दोन बोल्ट तुटले आणि तपासणारा साहेब मागं सरकता सरकता तेलाच्या बादलीत बसला. कामगार तोंड फिरवून हसले. साहेबानं उठून, पँट झटकून कागदावर लिहिलं, 'चालू आहे'. तेवढाच माझा जन्मदाखला.

मी या शेडमध्ये आलो तेव्हा थोरला विशीतला होता. तुमचा बाप नुकताच गेला होता आणि तू दुसरीत होतास. शेजारच्या खोलीत दळणाचे दोन दगड बसवले, मला इथं सिमेंटच्या पायात पुरलं, मधल्या भिंतीला भोक पाडून पट्टा ओढला. मला हँडल फिरवून सुरू कसं करायचं ते मिस्त्रीनं थोरल्याला शिकवलं. मिस्त्री म्हणजे तोच, दोन्ही खिशात पाने भरून चालायचा, म्हणून चालताना खणखणायचा.

"हे बघा दादा," मिस्त्री म्हणाला, "हँडल धरताना अंगठा मुठीच्या बाहेर. बोटांच्या बाजूला. अंगठ्यानं मिठी मारलीत, की हा उलटी लाथ घालणार आणि मनगट घेऊन जाणार."

"घोडं आहे का काय."

"घोडं परवडलं. ते आधी कान तरी पाडतं."

दोन महिने थोरल्यानं अंगठा बाहेर ठेवला. मग एक दिवस गिऱ्हाइकाशी भांडून आला, रागारागात हँडल धरलं, अंगठा आत. मी उलटा फिरलो. डाव्या मनगटाचं हाड कडकन मोडलं, शेडबाहेर ऐकू गेलं. हा गुन्हा माझा. नाकारत नाही. थोरला खाली बसला, दोन मिनिटं बसला, मग उठला आणि उजव्या हातानं मोठा पाना उचलून माझ्या टाकीवर तीन वेळा हाणला. ते पोचे अजून आहेत. मला त्याचा राग आला नाही. उलट तिथून आमचं जमलं. माणूस आपल्यासारखाच आहे हे कळलं की बरं वाटतं.

मिस्त्रीच्या करंगळीचं एक पेर मी घेतलं. पट्टा तुटला तेव्हा वजन करणाऱ्याचा अर्धा कान गेला, तोही माझ्याच नावावर लाव. एका बाईची ओढणी चाकात आली. थोरल्यानं ती ओढणी फाडली नसती तर मान गेली असती. ती बाई जीव वाचल्यावर पहिलं काय बोलली? "नवी होती ओढणी." हे सगळं मी केलंय. मी चाललो की जो जवळ आला त्यानं डोळे उघडे ठेवायचे, एवढाच माझा कायदा होता.

मनगट बसलं, पण त्या हातात पूर्वीचा जोर राहिला नाही. हँडल फिरवायला दोन्ही हात लागायचे, मग हवेचा खटका कोण सोडणार? तुला हे कळतं का, का तेही विसरलास? माझ्या डोक्यावर एक खटका आहे. तो वर केला की पोटातली हवा निसटते आणि चाकं हलकी फिरतात. चाकांनी वेग धरला की खटका सोडायचा, हवा कोंडते, आणि मी पेट घेतो. लवकर सोडला तर मी अडतो, उशीर झाला तर फिरवणाऱ्याचा दम जातो. तेव्हाच तुझी वहिनी या घरात नवी आली होती. ती म्हणाली, "मी धरते."

थोरला म्हणाला, "बायकांचं काम नाही हे."

"मग बायकांनी दळण तरी कशाला आणायचं? उद्यापासून गड्यांना पाठवा म्हणून सांगते."

धरला तिनं खटका. पंचवीस वर्षं धरला. रोज सकाळी तो फिरवायचा, आणि "सोड" म्हणायचा. पण ती त्याच्या तोंडाकडं बघायचीच नाही. त्याच्या पायाकडं बघायची. मागच्या पायाची टाच उचलली की तिचा हात खाली. तो सोडमधला 'सो' म्हणेपर्यंत मी पेटलेला असायचो. एकदाही चुकली नाही. ती आजारी पडली तेव्हा तू खटका धरायला आला होतास, आठवतं? सात वेळा फिरवूनही मी सुरू झालो नाही. शेवटी ती अंगात ताप घेऊन आली, तुझ्या डोक्यात टप्पल मारली आणि म्हणाली, "भावजी, तुम्ही शाळेत जा. तिथं नापास झालात तरी कुणाचं दळण अडत नाही."

माझं नाव तिनंच ठेवलं. म्हणायची, "हा आणि तुमचा भाऊ एकाच साच्यातले. तापायला पळभर पुरतो, निवायला दुपार जाते." तुमच्या घरात भांडण झालं की ती माझ्या मागच्या पाण्याच्या हौदाजवळ येऊन बसायची. माझं पाणी गरम असायचं, त्यात पाय सोडायची.

आणि मग हँडल. त्या हँडलाचं नीट ऐक, कारण सगळं तिथंच आहे.

हँडलाचं तोंड म्हणजे एक जाड नळी. ती माझ्या चाकांच्या दांड्यावर बसते. नळीच्या कडेला तिरकी खाच, ती दांड्यावरच्या खिळीत अडकते. माणूस फिरवतो तोवर खाच धरून ठेवते. मी पेटलो आणि माणसापेक्षा जोरात फिरायला लागलो, की त्याच तिरक्या कडेवरून हँडल आपोआप बाहेर ढकललं जातं. सुटून हातात येतं. इतकं साधं. पण त्या खाचेची कड नीट असेल तर. म्हणून थोरला ते हँडल तान्ह्या पोरासारखं जपायचा. रोज दांड्याला बोटभर ग्रीस, हँडल पुसून खिळ्यावर. त्या हँडलानं कुणी दुसरं काही केलेलं त्याला चालायचं नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं त्याच हँडलानं कुत्रं हाकललं, तर थोरल्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. लोक म्हणाले, कुत्र्यावर फार जीव दिसतो. त्यांना काय कळणार.

ती वर्षं चांगली होती. मी उगाच रडगाणं गात नाही, पण चांगली होती. माझा ढग ढग आवाज दोन मैलांवर जायचा. आवाज आला की बाया डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. आवाज थांबला की वाटेतूनच परत फिरायच्या. आणि रांगेतली भांडणं. दोन बाया नंबरावरून भिडल्या, एकीनं दुसरीच्या कपाळावर शेराचं माप हाणलं, रक्त पिठात सांडलं. तिसरी म्हणाली, "आता हे पीठ कुणाचं?" तेव्हा दोघीही म्हणाल्या, "हिचं." थोरला दोघींवर ओरडायचा, पण माझ्या आवाजात त्याचं ओरडणं कुणाला ऐकूच जायचं नाही. नुसतं तोंड उघडमीट. त्याच्या बायकोला त्याचं फार हसू यायचं.

मग तू शिकून आलास. तुला पहिल्यापासून नव्याचं वेड. घरात पहिला रेडिओ तू फोडलास, आत माणूस आहे का बघायला. पहिला टीव्हीही तूच खोलून बसलास. तुझी वहिनी तुझी बाजू घ्यायची. तिनं तुला वाढवलं होतं, तुझ्या नखाला दुखलं तरी ती थोरल्यावर धावून जायची.

तू विजेची मोटार आणायची म्हणालास. थोरला नाही म्हणाला. आठ दिवस घरात भांडी आपटत होती. शेवटी एका दुपारी इथंच, माझ्यासमोर, जुंपली.

"दादा, जग कुठं गेलंय. बटण दाबलं की गिरणी सुरू. तू अजून हँडल मारतोस, माकडासारखा."

"या माकडानं तुला पोसलं."

"ते ऐकवून ऐकवून माझे कान किटले."

थोरल्यानं तुझ्या मुस्काटात मारली. तू दोन किलोचं वजन उचलून फेकलंस. ते त्याच्या खांद्यावर बसलं, मग माझ्या चाकावर, आणि चाकाच्या आऱ्याचा टवका उडाला. मग तुम्ही दोघं पिठात लोळलात. तू त्याच्या दंडाला चावलास. एवढा मोठा घोडा, आणि चावलास. तुझी वहिनी पाण्याची बादली घेऊन आली आणि दोघांच्या अंगावर ओतली. ओल्या पिठाचे दोन गोळे झाले. ती म्हणाली, "भाजायला टाकू का आता?" तुम्ही दोघं हसलात. मीही हसलो असतो. आणि पुढच्या महिन्यात मोटार आली.

मला तिचा राग नव्हता, खरं सांगतो. गुळगुळीत, हिरवी, ताटाएवढी. गुणगुणायची नुसती. मला वाटलं होतं हिच्याशी माझी कुस्ती होईल. कसली कुस्ती, ती माझ्याकडं बघायचीही नाही. पट्टा माझ्या चाकावरून काढून तिच्या चाकावर चढवला, झालं. सव्वीस वर्षांचं काम पाच मिनिटांत उतरलं. थोरला त्या दिवशी बटण दाबायला पुढं आला नाही. तू दाबलंस. त्याची बायको त्याच्या शेजारी उभी होती, हात कुठं ठेवावे ते तिला कळत नव्हतं.

मोटार बसवताना काय झालं ते बोल आता.

पायाचे बोल्ट सिमेंटात पुरते बसले नव्हते. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला होता, तुला धीर नव्हता. घण कुणीतरी मागून नेलेला. थोरला बाजारात, वहिनी घरात. तू इकडं तिकडं बघितलंस, भिंतीवरचं हँडल काढलंस आणि ते उलटं धरून, तोंडाच्या जड बाजूनं, बोल्टांवर घातलंस. दहा, बारा, पंधरा घाव. मी मोजले नाहीत, पण प्रत्येक घाव ऐकला. बोल्ट बसले. हँडलाच्या तोंडाची कड आत दबली, खाचेला दात आला. तू बघितलंही नाहीस. तुझ्या लेखी ते आता हँडल नव्हतंच, लोखंडाचा एक तुकडा होता. पँटला पुसलंस आणि परत खिळ्यावर अडकवलंस.

थोरला परत आला तेव्हा तू त्याला सांगितलं नाहीस. का? कानाखाली बसली असती म्हणून. एवढंच. एका थपडीला भ्यालास.

तीन महिने मोटार चालली. मी गप्प. थोरला मधूनमधून येऊन फडक्यानं चाकं पुसायचा, पण ग्रीस लावणं सुटलं, सुरूच करायचं नाही तर कशाला. मग ते वादळ आलं. विजेचे खांब ओळीनं आडवे झाले. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस वीज नाही. घराघरात धान्य आहे आणि पीठ नाही. पाचव्या सकाळी दारात शंभर डबे. लोक तुझ्या नावानं खडे फोडत होते. "काढा की म्हाताऱ्याला बाहेर," असं कुणीतरी म्हणालं. म्हातारा म्हणजे मी.

थोरला आत आला. आठ वर्षं झाली, तरी मला त्याचा त्या दिवशीचा चेहरा दिसतो. खुशीत होता तो. लपवत होता, पण खुशीत होता. डिझेल भरलं, पट्टा माझ्यावर चढवला. त्याची बायको पदर खोचून माझ्या डोक्याशी उभी राहिली.

"जमेल ना अजून?" त्यानं विचारलं.

"तुमचा पाय जागेवर आहे ना? मग माझा हात आहे."

त्यानं हँडल घातलं. ते घट्ट गेलं. तो थांबला. म्हणाला, "आज अडतंय का हे?"

तू दारात होतास. लोकांना आवरत होतास. तू तिथूनच म्हणालास, "बसून बसून गंजलं असेल. मार दादा, लोक खोळंबलेत."

त्या क्षणी तुला ते बोल्ट आठवले होते का, हे मला माहीत नाही. आठवले नसतील. तेवढं मी तुझ्या बाजूनं धरतो.

त्यानं फिरवलं. चाकांनी वेग घेतला. टाच उचलली. तिनं खटका सोडला. मी पेटलो.

आणि हँडल सुटलं नाही. त्या दातानं खिळी चावून धरली. थोरल्यानं हात सोडले, अंगठा बाहेर होता म्हणून सोडता आले. हँडल माझ्याबरोबर फिरलं, पहिल्याच फेरीत त्याच्या उजव्या हाताला लागलं, हाडाचे दोन तुकडे झाले, तो पोत्यांवर फेकला गेला. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला तो दात तुटला आणि हँडल निसटून उडालं. ती खटक्यापाशीच होती. कानाच्या वर लागलं. ती ओरडली नाही. माझ्या अंगावर वाकली, जशी हौदाजवळ बसताना वाकायची, आणि सरकत खाली गेली. माझं डोकं तापायला लागलं होतं, तिचा गाल त्याच्यावरून घासत गेला.

मी चालू होतो, धाकट्या. कळतं का तुला? मी चालूच होतो. ढग ढग ढग. तिकडं दगड रिकामे फिरत होते. लोक किंचाळत होते आणि माझ्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं उघडमीट. तिला तू उचलून बाहेर नेलंस. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी थोरला लोंबता हात घेऊन सरपटत आला आणि डाव्या हातानं माझं डिझेल तोडलं.

तू रडलास. ते रडणं खोटं नव्हतं. तू जमिनीवर डोकं आपटून घेतलंस, तिघांनी तुला धरलं. मी तेही पाहिलंय आणि तेही सांगतो.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी तू एकटा शेडमध्ये आलास. थोरला दवाखान्यात, हाताला पट्टी बांधून. तू कोपऱ्यातून हँडल उचललंस आणि तोंडाकडं बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग बाहेर जाऊन कानस घेऊन आलास. माझ्या चाकाला पाठ टेकून बसलास आणि ती कड घासलीस. दबलेली बाजू, तुटक्या दाताचं खुंट, सगळं गुळगुळीत केलंस. माझ्या दांड्यावर घालून बघितलंस. काढलंस. परत घासलंस. लोखंडाचा कीस जमिनीवर पडला होता तो फुंकर मारून उडवलास. वर काळं तेल चोळलंस, नवं घासलेलं दिसू नये म्हणून. शिकलेलास तू, तुला सुचायचंच.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला. हँडल घालून बघितलं, सरसर सुटलं. "यात काही दोष नाही," तो म्हणाला. मग दांड्यावर बोट फिरवलं. "कोरडा आहे. ग्रीस नव्हतं लावलं?"

थोरला गळ्यात हात अडकवून उभा होता. म्हणाला, "नाही. गडबडीत विसरलो."

मिस्त्री बोट पुसत निघून गेला. त्याचे खिसे पण खणखणले नाहीत.

आता मी बोलतो. ग्रीसचा डबा एकदा अख्खा उन्हाळाभर हरवला होता, कोरड्या दांड्यावरून ते हँडल रोज सुटलं. चिरकायचं, पण सुटायचं. ग्रीसमुळं कुणी मेलं नाही. मिस्त्रीनं नीट विचार केला असता तर त्यालाही कळलं असतं. पण दांडा कोरडा दिसला, माणूस 'विसरलो' म्हणाला, विषय संपला.

आणि तू लगेच घण आणलास. सगळ्यांसमोर. "याला जिवंत ठेवत नाही," म्हणत माझ्यावर तुटून पडलास. पाण्याची बाजू फुटली, टाकी चेपली, खटका मोडून पडला. लोक म्हणाले, भावजयीवर किती जीव. मी म्हणत होतो, मार. मार अजून. तू मला मारत नव्हतास हे मला कळत होतं. पण ते तोंडानं बोलला असतास तर एका घावात काम झालं असतं.

त्यानंतर? त्यानंतर तुझ्या मोटारीचं काय झालं ते तुला माहीत आहे. सहा वर्षांत तीही बंद. लोकांनी घरात लहान चक्क्या घेतल्या, बाकीचे दुकानातून बांधलेलं पीठ आणतात. मला जुनं व्हायला सव्वीस वर्षं लागली, तिला सहा. ती आता माझ्याशेजारी पडलीय, उंदरांनी तिची तार खाल्ली. रोज दुपारी आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो. बोलायला काही नाही, तिचं सगळं आयुष्य मला पाठ आहे. पुढच्या खोलीत तू फोन दुरुस्तीचं दुकान काढलंस. तुझ्या कपाटात मेलेले फोन रचून ठेवलेत, दोन वर्षांचं वय नाही एकेकाचं. लोक येतात, हा जुना झाला म्हणतात. त्याचं वरचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. असू दे. जग पुढं जातं, त्याचं मला दुःख नाही. मला भंगारात घालणार त्याचंही नाही. लोखंड वितळतं आणि पुन्हा काहीतरी होतं. माझ्यासाठी मी तुझ्याकडं काही मागत नाही.

पण तुझा भाऊ बघितलास का कधी? रोज सकाळी ग्रीसचा डबा घेऊन येतो. उजवा हात वाकडा जुळलाय, डावा आधीच मोडका. त्या हातानं बोटभर ग्रीस काढतो आणि माझ्या दांड्याला लावतो. फुटलेल्या, मेलेल्या इंजिनाच्या दांड्याला. रोज. आठ वर्षं. मग हात पुसत नाही, तसाच बसतो. आज सकाळीही आला. लावून झालं आणि हळूच म्हणाला, "उद्यापासून काय करू रे?"

मला तोंड असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. तुला आहे.

आत्ता दुकानात गिऱ्हाईक नाही. तो मागच्या पायरीवर बसलाय. शटर ओढ. त्याच्यासमोर जाऊन बस. हँडल मी ठोकलं, मी लपवलं, मी घासलं, असं म्हण. हेच शब्द, यात फिरवाफिरवी नको. तो मारेल. त्याच्या हातात आता जोर नाही, पण तरी मारेल. मार खा आणि परत सांग, त्याला पटेपर्यंत सांग. ऊठ.